डाव्या कानामागचं ऊन

वस्तादांनी हातआरसा मानेमागे धरला, समोरच्या मोठ्या आरशात नजर लावली आणि सवयीने विचारलं,

"ठीक आहे ना?"

उत्तर आलं नाही, कारण खुर्ची रिकामी होती आणि मान त्यांची स्वतःचीच होती. ठीक तर ती मुळीच नव्हती. डाव्या कानाच्या पाळीपासून सदऱ्याच्या कॉलरपर्यंत कातडी विटेसारखी लाल झाली होती. मधले फोड फुटून पापुद्रे सुटले होते आणि पंख्याच्या वाऱ्याने ते हलत होते. उजवी बाजू मात्र लग्नाच्या फोटोत होती तशीच शाबूत होती. डॉक्टरांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, चार दिवसांत उतरेल. आज अकरावा दिवस होता.

वस्तादांनी एक पापुद्रा चिमटीत धरून हळूच ओढला, "स्स" केलं आणि दार वाजलं तसा आरसा खाली ठेवला. कोपऱ्यावरचा औषधवाला आत येत होता.

"काय हो वस्ताद, शेतीबिती घेतली की काय?"

"गच्चीवरची टाकी धूत होतो."

"अकरा दिवस? टाकी आहे का तलाव?" औषधवाल्याने खिशातून कागदात गुंडाळलेला खडा काढून आरशापुढच्या फळीवर ठेवला. "ही घ्या तुमची तुरटी. महिन्यातली दुसरी. खरं सांगा, लावता का खाता?"

"हल्लीच्या तुरटीत दम राहिलेला नाही," वस्ताद म्हणाले. "पूर्वी एक खडा वर्षभर पुरायचा. बसा. केस का दाढी?"

"केसच." औषधवाला घाईने म्हणाला आणि गालावरच्या आठ दिवसांच्या खुंटांवरून त्याने हात फिरवला. "दाढी ठेवतोय जरा. बायकोला आवडते."

वस्तादांनी फडकं झटकून त्याच्या गळ्याभोवती गुंडाळलं. गेल्या काही महिन्यांत गल्लीतल्या बायकांची आवडनिवड एकाएकी बदलली होती. विमा एजंटाच्या बायकोला दाढी आवडू लागली होती, बँकेतल्या कॅशियरच्या बायकोला आवडू लागली होती, आता औषधवाल्याच्या. जे विधुर होते त्यांना घरीच करायची हौस उत्पन्न झाली होती. फॅशन आहे, असा वस्तादांचा निष्कर्ष होता. फॅशनपुढे कुणाचं चालत नाही. ती येते, ती जाते. आपण कात्रीला तेल घालून वाट पाहावी.

सव्वादहाला औषधवाला गेला. वस्तादांनी केस झाडून घेतले, दारावर "मालक जेवायला गेले आहेत" ही पाटी लावली आणि खुंटीवरची टोपी घेतली. टोपी जावयाची होती. मागच्या सुट्टीत तो विसरून गेला होता. तिचा पुढचा छज्जा एवढा मोठा होता की घातली की तोंड ओळखू येत नसे. तेवढ्यासाठीच ती घ्यायची. छज्जा पुढे होता, ऊन मागून येत होतं, ही गोष्ट टोपीला सांगून काही उपयोग नव्हता. वस्तादांना सांगूनही नव्हता.

सकाळी साडेदहाला जेवायला जाणारा मालक म्हणून गल्लीत त्यांचं नाव होऊ लागलं होतं.

*

प्रकरण मोजणीदारांचं होतं.

मोजणीदार म्हणजे सरकारी भूमापन खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. उभा जन्म लोकांच्या जमिनी मोजण्यात आणि हद्दीचे दगड शोधण्यात गेला होता. एकतीस वर्षं, दर मंगळवारी आणि दर शनिवारी, साडेदहाच्या ठोक्याला ते वस्तादांच्या उजवीकडच्या खुर्चीत बसत आले होते. वस्तादांची मुलगी झाली तेव्हा ते खुर्चीत होते. मोजणीदारांची बायको गेली त्यानंतरच्या पहिल्या मंगळवारीही ते खुर्चीत होते. त्या दिवशी दाढीला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागला होता. त्यांच्या हनुवटीखाली एक उलटा भोवरा होता, तिथे वस्तरा खालून वर न्यावा लागे. ही गोष्ट जगात दोनच माणसांना माहीत होती: वस्तादांना आणि मोजणीदारांना.

सहा आठवड्यांपूर्वी मोजणीदार दारातच उभे राहिले. आत आले नाहीत.

"वस्ताद, मी म्हणतो आता घरीच करावी. सगळा वेळ मोकळाच आहे. तेवढाच सकाळचा उद्योग."

"करा की," वस्ताद म्हणाले होते. "भोवरा सांभाळा."

त्यानंतर तीन आठवडे वस्तादांनी खरोखरच वाईट वाटून घेतलं नाही. माणूस म्हातारा झाला की विक्षिप्त होतो, हे त्यांनी समजून घेतलं. मग एका बुधवारी ते वीजबिलाच्या रांगेत उभे राहिले आणि त्यांच्या बरोबर पुढे मोजणीदारांची मान आली.

ती मान पाहून वस्तादांच्या हातातलं बिल चुरगळलं. रेघ सरळ होती. कानामागून उतरणारी कड मशीनने पातळ करत आणली होती, वर दाट, खाली विरळ, मधे कुठेही पायरी नाही. माणूस घरी दाढी करू शकतो. माणूस स्वतःची मान करू शकत नाही. ते देवालाही जमत नाही. ही मान दुसऱ्या हाताची होती. मोजणीदारांनी मागे वळून "अरे, वस्ताद!" म्हटलं, तेव्हा वस्तादांनी तब्येत विचारली, हवा विचारली आणि बिल न भरताच घरी आले. रांग फार आहे, असं त्यांनी बायकोला सांगितलं.

तो दुसरा हात शोधायला त्यांना दोन दिवस लागले. बाजाररस्त्यावर नवीन सलून निघालं होतं. काचेचं दार, गार हवेचं यंत्र, पाठ मागे टाकता येणारी खुर्ची. उघडून बरोबर महिना झाला होता, म्हणजे मोजणीदार दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासूनचं गिऱ्हाईक होतं. चालवणारी एक बाई होती. बाई कसली, पोरगीच. वस्तादांच्या मुलीपेक्षा चार-दोन वर्षांनी लहान असेल. केस मागे बांधलेले, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या.

हे कळल्यावर वस्तादांना क्षणभर फार बरं वाटलं. कारण आता सगळ्याचा उलगडा झाला होता. म्हातारचळ! दुसरं काय? एकतीस वर्षांची इमानदारी माणूस हातासाठी सोडत नाही, डोळ्यांसाठी सोडतो. हे समाधान त्यांना संध्याकाळपर्यंत पुरलं. रात्री जेवताना ते पुन्हा त्या मानेच्या रेघेवर आले आणि त्यांच्या हातातला आमटीचा चमचा ताटाबाहेर सांडला.

"वाट्या हल्ली फार उथळ करतात," ते म्हणाले.

*

काचेच्या दारासमोर, रस्त्याच्या या बाजूला, एक बंद पडलेला छापखाना होता. त्याच्या शटरपुढे तीन पायऱ्या होत्या. वर छप्पर नाही, शेजारी झाड नाही. पण तिथून खुर्ची थेट दिसे. मोजणीदार मंगळवारी आणि शनिवारीच येत, हे वस्तादांना माहीत होतं. तरी ते रोज जात. मत्सराला साप्ताहिक सुट्टी नसते.

त्या शनिवारीही ते साडेदहाला शटरपाशी उभे राहिले. काल लावलेली कोरफड घामाने ओघळून कॉलरमध्ये गेली होती. ऊन डाव्या खांद्यावर येऊन बसलं, मग कानावर चढलं. वस्तादांनी टोपी आणखी पुढे ओढली. त्यामुळे मान आणखी उघडी पडली.

मोजणीदार आत होते. वस्तादांना त्यांचा फक्त मागचा भाग दिसत होता: खुर्चीची पाठ, तिच्यावर टेकलेलं पांढरं डोकं. पोरगी वाकून काम करत होती. तिचा हात गालावरून एकदाच, कानापासून हनुवटीपर्यंत, न थांबता उतरला. वस्तादांनी नकळत स्वतःचा हात हवेत तसाच उतरवला. तेवढ्यात तिने खुर्ची जराशी वळवली आणि मोजणीदारांचा चेहरा बाजूने दिसला.

डोळे मिटलेले होते. तोंड किंचित उघडं होतं. मोजणीदार झोपले होते.

वस्ताद एक पायरी खाली उतरले, पुन्हा वर चढले. हसले असते, गप्पा मारत असते, त्या पोरीकडे टक लावून बघत असते, तर चाललं असतं. त्याला म्हातारचळ म्हणता आलं असतं. पण हा माणूस झोपला होता. वस्तादांच्या खुर्चीत तो गेल्या वर्षभरात एकदाही झोपला नव्हता. ताठ बसायचा, डोळे उघडे, आरशात रोखलेले. वस्तादांना वाटायचं, रस्त्यावरची गंमत बघतोय.

"काका, उन्हात का उभे?" रस्ता झाडणारी बाई म्हणाली. "रोज बघते. कुणाची वाट बघताय?"

"बसची."

"बस इथून चार वर्षांपूर्वी बंद झाली."

"म्हणूनच वेळ लागतोय," वस्ताद म्हणाले.

*

घरी बायकोने कोरफडीचं पान सोललं, गर त्यांच्या मानेवर थापला, आणि मुळीच हळुवारपणे नाही.

"आई गं! अगं, जरा हळू."

"हळू कशाला? परवा लावलं, काल लावलं. रात्री लावायचं आणि सकाळी जाऊन पुन्हा भाजून आणायचं. तव्यावर भाकरी तरी एवढ्या वेळा टाकत नाहीत." तिने दुसरं पान घेतलं. "अहो, मला सगळं कळलंय."

वस्तादांनी सदऱ्याची कॉलर आणखी खाली ओढून धरली.

"औषधवाल्याच्या बायकोने सांगितलं. छापखान्यापाशी उभे असता. समोर त्या पोरीचं दुकान आहे. साठीला आलात, जावई आला, आणि जावयाचीच टोपी घालून..." तिने गराची आणखी एक थाप मारली. "काय दिसतं हो तिच्यात?"

"अगं, तिला बघायला कोण जातंय?"

"मग?"

"मोजणीदाराला बघायला जातो."

बायकोचा हात थांबला. तिने पान ताटलीत ठेवलं, पदराला बोटं पुसली आणि त्यांच्यासमोर येऊन बसली.

"ती पोरगी असती तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "त्यावर भांडता तरी आलं असतं."

"एकतीस वर्षं, एकतीस! मला तोंडावर म्हणतो, घरी करतो. खोटं! अगं, माझ्या हातात काय कमी होतं? सांग ना. तू सांग."

बायकोने त्यांचा चहाचा कप उचलून त्यांच्या हातात दिला. कप बशीवर किणकिणला. तिने तिकडे पाहिलं आणि लगेच खिडकीबाहेर पाहू लागली, जसं काही तिथे कुणी हाक मारली होती.

"निववून प्या," ती म्हणाली. "आणि उद्यापासून दुकानाबाहेर पाऊल टाकलंत तर माझ्याशी गाठ आहे."

रविवारी त्यांना कणकण आली. सोमवारी मान वळेना. मंगळवारी ते दुकानात गेले, पण टोपी बायकोने पेटीत घालून पेटीला कुलूप लावलं होतं.

*

मंगळवारी साडेअकराला दारात मोजणीदार उभे राहिले. हातात कापडी पिशवी होती. या खेपेस ते आत आले.

"आज दिसला नाहीत," ते म्हणाले. "म्हटलं बघून यावं, बरं आहे ना."

"कुठे दिसलो नाही?"

"आरशात."

वस्तादांनी कंगवा उचलला आणि पुन्हा होता तिथे ठेवला.

"वस्ताद, खुर्चीत बसलेल्या माणसाला समोरच्या आरशात काय दिसतं? मागचा रस्ता." मोजणीदारांनी पिशवी फळीवर ठेवली. "एकतीस वर्षं तुमच्या आरशात मी तेच बघत आलो. तिकडेही आरसाच आहे की. छापखान्याचं शटर, तीन पायऱ्या आणि वर तुम्ही. मंगळवार, शनिवार, मंगळवार, शनिवार. पोरीने विचारलंसुद्धा, आजोबा, ते टोपीवाले काका तुमच्या ओळखीचे का?"

सगळा जन्म आरशापुढे उभं राहून काढलेल्या माणसाला एवढं सुचलं नव्हतं. लाज वाटली की माणूस लाल होतो. वस्तादांच्या उजव्या मानेनेही आता डावीची बरोबरी केली.

"मग काय सांगितलंत?"

"सांगितलं, बसची वाट बघतात." मोजणीदारांनी उजवीकडची खुर्ची वळवली. "बसा."

"मी?"

"मग कोण? ऊन मला कळतं. पस्तीस वर्षं मोजणीची साखळी घेऊन रानोमाळ हिंडलोय. माझ्याइतकं भाजलेलं माणूस तुम्हाला गावात मिळायचं नाही. बसा म्हणतो ना!"

वस्ताद स्वतःच्या खुर्चीत बसले. ती एवढी उंच असते, हे त्यांना माहीत नव्हतं. मोजणीदारांनी पिशवीतून एक मऊ जुनं धोतर काढलं, त्याची पट्टी फाडली, नळाच्या पाण्यात भिजवून पिळली आणि मानेवर अलगद ठेवली. वस्तादांचे खांदे आपोआप खाली आले.

"ओढताय ना साल?"

"नाही."

"ओढताय. इथे कच्चं मांस दिसतंय. साल ओढायची नाही. खालचं तयार झालं की वरचं आपलं आपण सुटतं. घाई केली की पुन्हा पहिल्यापासून." त्यांनी पट्टी उलटून गार बाजू खाली केली. "आमच्याकडे एक शिपाई होता, तुमच्यासारखाच. दोन महिने मान बरी नाही. शेवटी कळलं, साहेब दुसऱ्याला बढती देणार म्हणून रोज कचेरीच्या बाहेर उभा राहून खिडकीतून बघायचा."

"मिळाली का बढती?"

"कुणाला? त्याला? छे. पण कचेरीच्या खिडकीला पडदा मिळाला."

वस्तादांना हसू आलं, मान दुखली आणि हसू अर्ध्यावर राहिलं. मग त्यांनी आरशातून मोजणीदारांकडे पाहिलं.

"मला एक सांगा. काय आहे तिच्याकडे?"

"हवा गार आहे."

"मोजणीदार."

"खुर्ची मागे पडते. पाठ दुखते हो हल्ली."

"घरी करतो म्हणालात."

मोजणीदारांनी पट्टी काढून पुन्हा भिजवली. ती पिळायला त्यांनी नको तेवढा वेळ घेतला.

"म्हणालो," ते म्हणाले. "चूक झाली."

"मग उठतो मी. तुम्ही बसा." वस्ताद पट्टी मानेवर धरून उठले. "चूक झाली ना? मग बसा. आज मंगळवार आहे."

मोजणीदारांनी स्वतःच्या गालाला हात लावला आणि ते खुर्चीत बसले.

दाढी करताना फेस वाळू नये म्हणून पंखा बंद करायचा, ही वस्तादांची पहिल्यापासूनची पद्धत. त्यांनी पंखा बंद केला. फडकं गुंडाळलं, वाटीत ब्रश घोळला आणि डाव्या हाताची बोटं मोजणीदारांच्या गालावर ठेवली.

गाल गुळगुळीत होता. एक तासही झाला नसेल. हनुवटीखाली बोट गेलं. भोवऱ्यावरसुद्धा एक खुंट नव्हता. खालून वर नेला होता. कुणी सांगितलं असेल तिला? वस्तादांनी बोट तिथून उजव्या कानाकडे नेलं, दोष शोधत, आणि पाळीच्या खाली तो सापडला. अर्ध्या बोटाएवढी बारीक, जराशी वर उठलेली रेघ.

"हे काय?" त्यांचा आवाज एकदम तरुण झाला. "कापलं ना? कापलं! बघा, गार हवा म्हणे! अहो, कानाखाली कापणं म्हणजे... एवढ्या वर्षांत माझ्या हातून... कुणी केलं हे? तिनेच ना?"

मोजणीदारांनी आरशात त्यांच्याकडे पाहिलं. फार वेळ नाही.

"हो," ते म्हणाले. "तिनेच. पहिल्याच दिवशी. नवीन आहे पोरगी."

वस्तादांनी विजयाने मान हलवली. मग नीट दिसावी म्हणून ते रेघेवर वाकले आणि वाकलेलेच राहिले.

रेघ पांढरी होती. वस्तऱ्याची जखम महिनाभर लाल असते. पुढे दोन-तीन महिने गुलाबी. पांढरी व्हायला सहा महिने तरी लागतात, हे कुठल्याही कारागिराला झोपेत सांगता येतं. आणि ते दुकान उघडून दोन महिनेही झाले नव्हते.

रस्त्यावरून एक हातगाडी गेली. तिचा आवाज वळणापर्यंत ऐकू येत राहिला. वस्ताद सरळ झाले आणि ब्रश फेसात बुडवून त्यांनी मोजणीदारांचे गाल भरायला सुरुवात केली. उजवा, डावा, हनुवटी, पुन्हा उजवा. गरजेपेक्षा खूप जास्त फेस झाला. मोजणीदारांनी डोळे मिटून घेतले होते, पण झोपल्यासारखे नाही. इंजेक्शनच्या वेळी मिटतात तसे घट्ट. फडक्याखाली त्यांच्या दोन्ही हातांची बोटं खुर्चीच्या हातांवर आवळलेली होती. कापड तिथे ताणून वर आलं होतं, एकेक पेर मोजता यावं इतकं.

वस्तादांनी पात्याची नवी पुडी घेतली. पुडी उघडायची, पातं काढायचं, कट्कन मोडून अर्धं वस्तऱ्यात सरकवायचं. त्यांनी पुडी दोन बोटांत धरली आणि कागद कुरकुरला. ते थांबले. कागद कुरकुरत राहिला. त्यांनी आरशात आपल्या हाताकडे पाहिलं, मग वर पंख्याकडे. पंखा बंद होता.

खुर्चीतला माणूस डोळे मिटून त्या कट् आवाजाची वाट पाहत होता. वस्तादांना ते त्याच्या गळ्याच्या हाडाकडे बघून कळलं. ते वर गेलं होतं आणि खाली येत नव्हतं.

वस्तादांनी पुडी फळीवर ठेवली, आवाज होऊ न देता. मग रिकामा वस्तरा उघडला आणि त्याची बोथट धार मोजणीदारांच्या कानाशी टेकवली.

मोजणीदारांची एक भुवई हलली. डोळे उघडले नाहीत. वस्तरा गालावरून खाली आला, फेसाचा एक पट्टा उचलून वर आला, कापडाला पुसला गेला. पुन्हा खाली. हात हलत होता, तर हलू दे. वस्ताद घाई करत नव्हते. भोवऱ्यापाशी ते खालून वर गेले. वरच्या ओठावर त्यांनी नाक हलकेच उचलून धरलं, एकतीस वर्षं धरत आले तसं. कधीतरी मधेच फडक्याखालची बोटं सुटली. गळ्याचं हाड खाली आलं. डाव्या गालावर पोचेपर्यंत मोजणीदारांचं तोंड किंचित उघडं पडलं होतं.

वस्तादांनी ओल्या कापडाने चेहरा टिपला. तुरटीचा खडा हातात घेतला आणि न लावताच ठेवून दिला. मग खांद्यावर हळूच थोपटलं.

"मोजणीदार. झाली."

मोजणीदार दचकून जागे झाले. आरशात पाहिलं, गालावरून हात फिरवला. बराच वेळ फिरवत राहिले.

"कशी आहे?"

"गुळगुळीत," मोजणीदार म्हणाले. त्यांना वस्तादांच्या नजरेला नजर देता येईना. "एकदम गुळगुळीत झालीय, वस्ताद."

वस्तादांनी वस्तरा मिटला.

"हो," ते म्हणाले. "हात चांगला आहे पोरीचा."

मोजणीदारांनी मान वर केली. वस्ताद त्यांच्या गळ्याभोवतीची गाठ सोडत होते. गाठ सुटायला वेळ लागत होता आणि मोजणीदारांनी मदतीला हात वर नेला नाही. ती सुटली. वस्तादांनी फडकं चारी कोपरे धरून गोळा केलं, दारापाशी नेलं आणि नेहमीप्रमाणे रस्त्याकडे झटकलं.

त्यातून एक केस पडला नाही. तरी त्यांनी ते तीनदा झटकलं.